राखणीची पुडी

मु. कारवणे, ता. श्रीवर्धन
सोमवार, १९ ऑक्टोबर १९६४

प्रिय सदू,

सात वर्षं आणि दीड महिन्यानंतर तुला पत्र लिहितो आहे. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडता ठेवून देशील, किंवा चार ओळी वाचून बाजूला टाकशील, म्हणून मुख्य गोष्ट आधी लिहितो. तुझी कोकिळा गेली ती तू आणलेल्या औषधाने नव्हे. ते औषध खरं होतं, पुऱ्या ताकदीचं होतं, आणि तू ते नीट आणलं होतंस. मी तुला अंगणात उभं करून जे बोललो ते चूक होतं. बाकीचं सगळं पत्र हे मला कसं कळलं याबद्दल आहे. ते वाचलं नाहीस तरी एवढं वाच.

आई बरी आहे. डाव्या डोळ्याने आता दिसत नाही, पण सुपारी सोलताना हात चुकत नाही. तुझी चौकशी ती माझ्याकडे करत नाही. मुंबईहून कोणी आलं की त्याला आगरात नेऊन विचारते आणि मी दिसलो की नारळाचा भाव काढते. यंदा सुपारीला कोळे रोग लागला, निम्मी गळली. ठमाबाई अजून आहे, तोंडही आहे. आणि तुला कोणी कळवलं नसेल, पण गावात एक शब्द रूढ झाला आहे तो तुला माहीत असावा. दुधात पाणी निघालं, छत्रीची काडी पहिल्याच वाऱ्यात मोडली, नवा कंदील धूर करायला लागला, की म्हणायचं, "ही बघ सदूची कॅप्सूल." ज्या पोरांनी तुला पाहिलेलंही नाही तीसुद्धा म्हणतात. हा शब्द मी काढला नाही. पण तो ज्या बोलण्यातून निघाला ते माझं होतं.

त्या भाद्रपदातलं सगळं तुला आठवत असेलच, तरी मी माझ्या पद्धतीने क्रमाने मांडतो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. खालच्या आळीत रक्ती आव सुरू झाली होती. क्लोरमफेनिकॉलच्या कॅप्सूल संपत आल्या म्हणून मीच तुला मुंबईला लिहिलं की गणपतीला येताना पंचवीसची एक बाटली आण. आगबोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या. तू गाडीने म्हसळ्यापर्यंत आलास आणि तिथून पावसात चालत, बाटली टोपीत गुंडाळून, सदऱ्याच्या आत छातीशी धरून. अंगावरचा सदरा पिळत होतास आणि टोपी कोरडी होती, ते मी पाहिलं होतं. गौरीपूजनाच्या दिवशी कोकिळेला सुरू झालं. संध्याकाळी सहाला पहिली कॅप्सूल. दर सहा तासांनी एक, साखरेच्या पाण्यात सोडून. चौदा दिल्या. ताप उतरला नाही, रक्त थांबलं नाही. गौरी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाच वाजता ती गेली. सहा वर्षं चार महिन्यांची होती.

मी तोवर सत्तावीस जणांना रक्ती आव झालेली पाहिली होती आणि क्लोरमफेनिकॉलने दुसऱ्या दिवशी फरक न पडलेला एकही नव्हता. म्हणून माझा हिशेब सरळ होता: रोग तोच, माप बरोबर, वेळ बरोबर, राहिलं काय, तर औषध. तिला नेऊन परत आल्यावर अंगणात मोरू होता, ठमाबाई होती, वरच्या आळीतले आठ-दहा जण होते. मी म्हणालो, "खोटं औषध आणलंस. पिठाच्या गोळ्या दिल्या असत्या तरी एवढाच गुण आला असता." तू हातातली टोपी उलटी करून आत बघितलंस, जणू तिथे काही शिल्लक असेल. तेराव्यानंतर कोकिळेच्या आईला, मनुबाईला, घेऊन गेलास तो परत आला नाहीस.

आता राखणीच्या पुडीबद्दल. तू मुंबईला असायचास म्हणून तुला ती पुरती ठाऊक नाही. आगरातल्या राखणदाराला आपण वर्षाचा नारळ देतो, तसं माणसांच्या राखणीला काही असावं, असं माझ्या मनात अठ्ठेचाळीस सालापासून होतं. डॉक्टर गुरुवारपुरते येत. बाकीचे सहा दिवस दवाखाना माझाच. मी चौथी शिकलेला, पण इंग्रजी बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून आणि शब्दकोशावरून शिकलो, औषधांची मोठी पुस्तकं दोनदा वाचली, आणि मला वाटे की जे मोठ्या शहरातल्यांना सुचलं नाही ते मला सुचलं आहे. श्रावण संपताना, मुंबईकर यायच्या आधी, मी घरटी पुड्या करायचो. गोळी किंवा कॅप्सूल फोडायची, पिठीसाखरेत खलायची आणि घरात जितकी माणसं तितके वाटे. आपल्याकडे म्हाताऱ्याला औषध आलं की सून म्हणते, "त्यातलं थोडं पोरालाही द्या." एकट्याने काही खायचं नाही ही रीत आहे, आणि मी ती रीत ग्रेनच्या तराजूवर बसवली. एका कॅप्सूलचे सहा वाटे सारखे निघायचे, एकही गुंजभर कमीजास्त नाही. पंधरा दिवस रोज एक. आधी सल्फा होतं, मग त्यात स्ट्रेप्टोमायसीन घातलं, चोपन्न साली टेट्रासायक्लीन आलं, पुढल्या साली क्लोरमफेनिकॉल. नवं आलं की घालायचं, जुनं काढायचं नाही. 'राखणीची पुडी' हे नाव ठमाबाईने दिलं. एकही घर चुकवलं नाही. प्रत्येक घाण्याची चव मी स्वतः बोटाने घ्यायचो, साखर नीट मिसळली आहे ना हे पाहायला.

कोकिळेनेही ती तीन वर्षं घेतली. जीभ बाहेर काढून उभी राहायची आणि पुडी झाली की म्हणायची, "काका, कागद पन द्या." कागदाला चिकटलेली साखर चाटायची असे.

या वैशाखात मुंबईहून एक पथक आलं. पोटाच्या रोगांची पाहणी, किनाऱ्यावरच्या गावांतून. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती, तिथे त्यांनी टेबलं मांडली, रॉकेलवर चालणारी उबेची पेटी आणली. मुख्य एक केसर दिघे नावाची मुलगी, पेणची, सव्वीस वर्षांची असेल. तिला आजारी माणसं नकोच होती, धडधाकट माणसांचं शौच हवं होतं, डबीत. ते गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. ठमाबाईने डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "रामा, औषध देतोस ते देतोस, आता हे पन मागाया लागलास? याचं काय लोनचं घालनार?" मोरू म्हणाला, "सरकारचं काय सांगता येत न्हाय, रेशनवर परत देतील." तरी चाळीस डब्या झाल्या. नावं नव्हती, नंबर होते. माझा तेवीस.

ती काचेच्या उथळ तबकड्यांत जंतू वाढवत असे आणि त्यांवर कागदाच्या चार चकत्या ठेवत असे. प्रत्येक चकतीत एक औषध भिजलेलं: सल्फा, स्ट्रेप्टो, टेट्रा, क्लोरो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, तेवढ्यात जंतू वाढत नाहीत. मला ते बघायला फार आवडलं. रोज सकाळी सातला मी शाळेत हजर. तिसऱ्या सकाळी तिने तेवीस नंबर काढला. चार चकत्या होत्या आणि एकाही चकतीभोवती गोल नव्हता. जंतू कागदाला टेकून वाढलेले. तिला माहीत नव्हतं की तेवीस मी आहे. मी म्हणालो, "तुमच्या चकत्या खराब आहेत. औषध खोटं असेल." सदू, हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला ते ऐकू आलं. मुलीने चकत्यांच्या त्याच डबीतून चार काढल्या, मुंबईहून आणलेल्या जुन्या साध्या जंतूंवर ठेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. चार गोल, आखून काढल्यासारखे. ती म्हणाली, "औषध खरं आहे, काका. हे तेवीस नंबरवाले जंतू शिकलेले आहेत." मग मी सांगितलं की तेवीस मीच.

माझ्या पोटातले जंतू निरुपद्रवी आहेत, प्रत्येक माणसाच्या पोटात असतात तसलेच. मी म्हणालो की मग काय बिघडलं, ते मला त्रास देत नाहीत, आणि आवेचे जंतू वेगळे. यावर तिने एक करून दाखवलं. माझे जंतू आणि आवेचे जंतू, चारही औषधांना मरणारे, जंतू वाढवायचा रस्सा असतो त्याच्या एका नळीत एकत्र सोडले. दुसऱ्या दिवशी त्यातला थेंब तबकडीतल्या एका लाल माध्यमावर, म्हणजे जंतूंच्या गोठवलेल्या खाण्यावर, पसरला, ज्यात क्लोरमफेनिकॉल घातलेलं होतं. त्या माध्यमावर साधे जंतू लालबुंद ठिपके होऊन उगवतात आणि आवेचे फिकट. तिसऱ्या सकाळी तबकडी उघडली. लाल ठिपके होतेच. मधे मधे फिकट होते, मी मोजले, एकोणीस. आवेचे जंतू, ज्यांना कालपर्यंत हे औषध मारत होतं, ते औषधातच उगवले होते. तिने ते उचलून चकत्या लावल्या. चारही औषधांना दाद देईनात. एका औषधाची सवय व्हायला जिथे पिढ्या लागाव्यात तिथे त्यांनी चारांची एका दिवसात उचलली होती, शेजाऱ्याकडून.

हे कसं, ते मी तिच्याकडून तीन वेळा समजून घेतलं आणि तिच्याजवळचा एक जपानातल्या कामावरचा इंग्रजी लेख शब्दकोश घेऊन बसून वाचला. जंतूचा जो मुख्य वारसा असतो, आईकडून लेकीला जाणारा, त्याशिवाय काहींजवळ एक छोटा वेगळा तुकडा असतो. दोन जंतू एकमेकांना टेकले की त्या तुकड्याची नक्कल दुसऱ्यात जाते. देणाऱ्याचं काही कमी होत नाही. घेणारा त्याच जातीचा असावा लागतो असंही नाही. आणि तो तुकडा कायम एकसारखा राहत नाही. तो दुसऱ्या तुकड्यांशी तुटतो, जुळतो, कुठून तरी एखादा भाग येऊन त्यात बसतो आणि मग सगळं एकत्रच पुढे जातं, असा त्या लोकांचा अंदाज आहे. माझ्या कमरेला दवाखान्याच्या कपाटांच्या चाव्यांचा जुडगा असतो, तो मी तिला दाखवला आणि विचारलं, असं का? एकेक चावी वेगवेगळ्या वेळी अडकवलेली, पण द्यायचा झाला तर सगळा जुडगाच दिला जातो? ती म्हणाली, "अगदी असंच, काका." आणि हसली. तिला वाटलं मला समजल्याचा आनंद झाला आहे. मी त्या चाव्यांकडे बघत होतो. सल्फा अठ्ठेचाळीस, स्ट्रेप्टो बावन्न, टेट्रा चोपन्न, क्लोरो पंचावन्न. त्या जुडग्यात एकही चावी अशी नव्हती जी मी माझ्या हाताने कपाटातून काढून, खलून, साखरेत मिसळून, सारखे वाटे करून घरोघरी दिली नव्हती. जंतू मरणार नाहीत इतकं कमी आणि शिकतील इतकं नेमकं, असं माप मी सोळा वर्षं तोलून दिलं. चाळीसांतल्या एकतीस डब्यांत तेच निघालं. आईच्याही.

कोकिळेला आवेचे जंतू खालच्या आळीतून आले असतील. पण त्यांना तो जुडगा कुठे मिळाला? तिच्याच पोटात, तीन वर्षं कागद चाटून तयार झालेल्या साध्या जंतूंकडून? की आई तिला भाताचा घास भरवायची त्या बोटांतून? की मी पुडी चाखून त्याच बोटाने तिच्या जिभेवर ठेवायचो त्यातून? मी बसून तिन्ही शक्यता लिहून काढल्या. ठरवता येत नाही. आयुष्यात मला कशाचाही कस लावायला आवडतं आणि हे मात्र मला कधीच कळणार नाही. केसरबाईला विचारलं तर ती म्हणाली की सत्तावन्न सालचे जंतू कुणाजवळ ठेवलेले नाहीत, तेव्हा नक्की असं काहीच म्हणता येणार नाही. तिने सौम्यपणे सांगितलं. मी तिला मुलीबद्दल बोललो नव्हतो, नुसतं 'एक रोगी' म्हणालो होतो. मी कुणाकडून शिकलो नाही याची मला घमेंड होती. ती आता राहिली नाही असंही म्हणवत नाही. एवढं तपशीलवार लिहितो आहे त्यातही ती असेल.

हे इथे थांबवलं असतं तर पत्र सोपं झालं असतं. पण आणखी एक आहे. पंचविसांतल्या अकरा कॅप्सूल उरल्या होत्या. तुला खोटं ठरवायला लेखी पुरावा हवा म्हणून त्यातल्या सहा मी डॉक्टरांमार्फत मुंबईला तपासायला पाठवल्या. कार्तिकात उत्तर आलं. प्रत्येकीत जितकं औषध असायला हवं तितकं होतं, शंभराला अठ्ठ्याण्णव. कार्तिक, सदू. तू जाऊन दोन महिने झाले होते. मी तो कागद चार घड्या करून पत्र्याच्या डब्यात तळाशी ठेवला. स्वतःला असं सांगितलं की औषध खरं होतं तर पोर का गेली याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि उत्तर नसताना बोलणं हा माझा स्वभाव नाही. उत्तर नसताना मी अंगणात दहा माणसांसमोर बोललो होतो, तेव्हा हा स्वभाव कुठे गेला होता कोण जाणे. सात वर्षं मला माहीत होतं की तू निर्दोष आहेस. का, ते माहीत नव्हतं, एवढंच. तो कागद या पाकिटात आहे. अस्सल आहे, नक्कल नाही.

श्रावणात मी पुड्या केल्या नाहीत. लोक रागावले. आठवड्याने देवळात सगळे जमले तेव्हा मी उभा राहिलो आणि जमेल तसं सांगितलं: सदूचं औषध खरं होतं, वाईट झालं ते माझ्या पुडीने. मुंबईचा कागद वाचून दाखवला. मोरू म्हणाला, "रामा, भाऊ हाय तुझा, तू झाकनारच. पन पुडीला कशाला नावं ठेवतोस? आमाला तर गुन आला." ठमाबाईने मान डोलावली. चाव्यांचा जुडगा काढून दाखवला तर मागून कोणीतरी म्हणालं, "पंडित झालाय." दुसऱ्या दिवशी बायजा दूधवालीशी भांडताना म्हणाली, "ही सदूचीच कॅप्सूल." मी रस्त्याने जात होतो, मला पाहून तिने पदर तोंडाशी नेला, इतकंच. तेव्हा तुझं नाव मी इथे धुऊन काढलं आहे असं समजू नकोस. प्रयत्न केला, जमला नाही. आता दर शनिवारी पाटाच्या कडेला बसतो आणि जो भेटेल त्याला पुन्हा सांगतो. ऐकून घेतात.

आता हे आजच का लिहितो ते. परवा मनुबाईचं कार्ड आलं. चौदा वर्षांत ती माझ्यासमोर दाराआडून बोलली असेल तेवढंच, तिने शेजारणीकडून लिहवून घेऊन मला कार्ड टाकावं म्हणजे काय झालं असेल ते समजलो. लिहिते की लेकाच्या, धर्माच्या, मानेला गाठी आहेत, डॉक्टरांनी क्षय सांगितला आहे, सुया आणि गोळ्या वर्षभर. चिठ्ठी दोन महिने देव्हाऱ्यात पडून आहे. तू त्याला दवाखान्यात नेतोस, रात्रपाळी करून आल्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसतोस, पण औषध आणायला जात नाहीस, मनुबाईला जाऊ देत नाहीस. म्हणतोस, "माझ्या हातनं आलेलं औषध आपल्या घराला लागत न्हाय." सदू, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. या गोळ्यांनी धर्मा बरा होईलच अशी खात्री मी देणार नाही. बरेचसे होतात, सगळे नाहीत, आणि मी खात्री देण्याचा अधिकार घालवला आहे. पण तू आणशील ते औषध खरं असेल, एवढं मी लिहून देतो. ज्या दिवशी हे मिळेल त्याच दिवशी जा. पुरं आण, वर्षभर खंड पडू देऊ नकोस, बरं वाटलं तरी थांबवू नकोस. आणि त्यातलं एकट्या धर्मालाच द्यायचं. मनुबाईने त्यातलं चिमूटभरसुद्धा घ्यायचं नाही, तू नाही, कोणी कितीही आपलं असो, वाटे करायचे नाहीत. पाऊस असला तर टोपीत गुंडाळून आण, तेव्हा आणलं होतंस तसंच. ते बरोबर होतं.

मला उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. मनुबाईकडून, 'औषध आणलं', एवढं एक कार्ड आलं तर आईला मी वाचून दाखवीन.

तुझाच,
रामचंद्र